गुडघ्याचा पुरावा

मीटिंग दोन मजले खाली होती आणि लिफ्ट काही केल्या येत नव्हती, म्हणून सगळे जिन्याकडे वळले आणि मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे, मी येते लिफ्टने. ऑफिसमधली एक मैत्रीण (मैत्रीणच आहे, वाईट नाही हो ती) पायरीवर थांबली आणि म्हणाली, "अजून गुडघा? एमआरआयमध्ये काय आलं?" मी म्हटलं, केलाच नाही अजून. त्यावर "अच्छा, मग काही विशेष नसेल" असं म्हणून ती खटाखट पायऱ्या उतरून गेली. तिचं बोलणं खोचक अजिबात नव्हतं, उलट धीर द्यायलाच म्हणाली असेल. पण लिफ्टची वाट बघत उभी होते तेव्हा ते वाक्य डोक्यात घुमत राहिलं, मीटिंगमध्येही, आणि रात्री दोन गुडघ्यांच्या मधे उशी घेऊन कुशीवर झोपायचा प्रयत्न करताना तर फारच. रिपोर्ट नाही म्हणजे विशेष नाही. म्हणजे मी इतके दिवस कठडा धरून जिना उतरतेय, खुर्चीतून उठताना सगळा भार डाव्या पायावर घेतेय, गाडीतून उतरताना दोन्ही पाय एकदम बाहेर काढतेय, त्याची कुठे नोंदच नाही.

झालं होतं तेही सांगण्यासारखं नाही. पडले नाही, अपघात नाही, डोंगरबिंगर चढायला गेले नव्हते. चालता चालता कोणीतरी मागून हाक मारली म्हणून वळले, म्हणजे मी वळले पण उजवं पाऊल होतं तिथेच राहिलं, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी पिळवटल्यासारखं झालं. बस एवढंच. घरी चालतच आले. सूज आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, गुडघ्याची वाटी कुठे आहे तेच कळेना. डॉक्टरांनी नेमकं याच गोष्टीवर खोदून खोदून विचारलं, सूज तासा-दोन तासांत आली का दुसऱ्या दिवशी, आतून 'कट्ट' असा आवाज आला का, त्यानंतर पायावर उभं राहता आलं का, गुडघा मधेच अडकून बसतो का, चालताना पाय दगा देतो का. तेव्हा मला वाटलं केवढी ही उलटतपासणी. नंतर कळलं की गुडघा लगेच टम्म फुगला तर आत रक्त साचलं असण्याची आणि मधलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटल्याची शंका जास्त, आणि सावकाश सुजला तर बऱ्याचदा भानगड दोन हाडांमधल्या गादीची, म्हणजे मेनिस्कसची असते. नुसतं विचारून कळणारी गोष्ट, पण निदानाचा मोठा भाग त्यातच होता.

मग झोपवून पाय थोडा वाकवला, पोटरी धरून पुढे ओढून बघितली, पाऊल आत-बाहेर फिरवत गुडघा सरळ केला, आणि अंगठ्याने सांध्याच्या फटीवर असं नेमकं दाबलं की माझ्या तोंडून मोठ्यांदा आवाजच निघाला. डॉक्टर नुसतं "हं" म्हणाले. पाय ओढण्याच्या आणि फिरवण्याच्या त्या तपासण्यांना लॅकमन आणि मॅकमरे अशी नावं आहेत, आणि सरावलेल्या हाताने केलेली लॅकमन लिगामेंटबद्दल बरंच खात्रीचं सांगते, हे सगळं मी घरी येऊन वाचलं. तिथे असताना मात्र माझं लक्ष भिंतीवरच्या त्या उजेडाच्या डब्याकडे होतं, जिथे फिल्म लावून बघतात. एक्स-रे काढला. हाड चांगलं आहे म्हणाले. गादी आतून चिरली असेल, बघू, सूज उतरू दे, व्यायाम सुरू करा, आणि कागदाच्या तळाशी एक ओळ, दुखणं राहिलं तर एमआरआय.

किती राहिलं तर, ते काही लिहिलेलं नव्हतं.

तो कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात गेला आणि तिथून रोज थोडा थोडा बोलायला लागला. स्कॅनिंग सेंटरला फोन करून आकडा विचारला, मग दुसरीकडे विचारला, मग तिसरीकडे. आकडे इतके वेगवेगळे की एकाच गुडघ्याचं बोलतोय ना आपण, असं वाटावं. नवरा म्हणाला, करून टाक ना, पैशाचं काय एवढं, डोक्याला शांतता तरी मिळेल. तो मनापासूनच म्हणाला, पण "पैशाचं काय एवढं" हे ज्या घरात म्हणावं लागतं तिथे पैशाचं थोडं काहीतरी असतंच. आणि खरं सांगायचं तर आईसाठी, मुलासाठी तो आकडा मी दुसऱ्यांदा ऐकलाही नसता, कार्ड पुढे केलं असतं. स्वतःच्या गुडघ्यासाठी मात्र माझ्यातला अकाउंटंट जागा होतो. याच्यात काय काय आलं असतं ते मोजायला लागतो, तेवढा दुखतोय का खरंच असं विचारायला लागतो, काल कमी दुखत होता की असं सुचवतो. आणि मजा म्हणजे दुसऱ्या दिवशी जास्त दुखला की मला बरं वाटायचं! बघा, मी म्हणत नव्हते का. दुखण्यावर खूश होणारा माणूस कधी बघितला नसेल तर या आमच्याकडे.

त्या खुशीनेच मला जरा विचारात पाडलं. कारण त्यातून कळलं की मला निदानाची एवढी घाई नव्हतीच, मला कोणीतरी साक्षीदार हवा होता. हाताला प्लास्टर असलं की लोक आपणहून दार उघडतात, बॅग घेतात. गुडघ्याच्या आत काय झालंय ते कोणालाच दिसत नाही, आणि चेहऱ्यावर सारखं दुखणं दाखवत फिरायचं म्हणजे आपल्यालाच आपला वीट येतो. म्हणून पहिले काही दिवस लोक विचारतात, मग विचारायचं थांबतात, मग त्यांच्या नजरेत तो किंचित संशय दिसायला लागतो, अजून? एक छापील कागद असता, त्यावर कोणातरी डॉक्टरची सही असती, आणि त्यात एक भारदस्त शब्द असता, तर तो मी लिफ्टपाशी टाकला असता की नाही फटकन?

बाबांचा खांदा आठवला यावरून. त्यांचा डावा खांदा धरला होता, हात डोक्याच्या वर जायचा नाही, शर्ट घालताना आधी दुखरा हात बाहीत, मग दुसरा, आणि काढताना बरोबर उलटं. हे कोणी शिकवलं नव्हतं, दुखण्यानेच शिकवलं. त्यांच्या डॉक्टरने हात कोपरात वाकवून बाहेर फिरवून बघितला, स्वतः फिरवला तरी जाईना, तेवढ्यावर म्हणाला फ्रोझन शोल्डर, वेळ लागेल. एक साधा एक्स-रे झाला, बाकी काही नाही. दारावर दोरी आणि कप्पी बांधली होती, बाबा तिथे उभे राहून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचे आणि दात आवळायचे, आणि आम्ही त्या दारातून वाकून ये-जा करायचो. वर्ष गेलं, त्याच्यावरही बरेच महिने गेले, आणि तो हात हळूहळू जवळजवळ पूर्ववत झाला. फ्रोझन शोल्डर असाच असतो म्हणतात, एक ते तीन वर्षं खातो आणि बहुतेकांचा सुटतो. बाबांनी पुराव्याची मागणी केल्याचं मला आठवत नाही. पण ते फार चिडायचे त्या काळात, विनाकारण. आता वाटतं विनाकारण नसेल.

आईचा एमआरआय झाला तेव्हा मी बरोबर होते, कमरेचा होता. तिचे सगळे दागिने माझ्या मुठीत, चष्मा माझ्या डोक्यावर. आत खोली थंडगार, मधे ते मोठं पांढरं भोक, तिच्या कानात बोळे, हातात दाबायचा एक रबरी फुगा, घाबरलात तर दाबा. मग बाहेरून ऐकू येणारी ती ठकठक, मधेच घरघर, मधेच भोंगा वाजावा तसा सूर, मग एकदम शांत, मग परत ठकठक. तिथल्या तंत्रज्ञ मुलाला मी विचारलं एवढा आवाज कसला, तर म्हणाला आत चुंबकाच्या जोडीला अजून कॉइल असतात, त्यांचा करंट भराभर बदलतो आणि त्या थरथरतात, त्याचा आवाज. मोठं चुंबक मात्र गप्प असतं आणि कायम चालू असतं, रात्री पेशंट नसताना सुद्धा. नेहमीचं मशीन दीड टेस्लाचं, म्हणजे ज्या पृथ्वीच्या ओढीने होकायंत्राची सुई उत्तरेला वळते तिच्या साधारण ३० हजार पट. एवढ्या ओढीत आपल्या अंगातल्या पाण्यातले हायड्रोजनचे कण रांगेला लागतात, मग रेडिओ लहरींनी त्यांना जरा ढकलायचं, आणि परत जागेवर येताना ते जी कुजबुज करतात त्यावरून चित्र बनवायचं. म्हणून तर हाडाच्या एक्स-रेत न दिसणाऱ्या गाद्या, लिगामेंट, सूज, पाणी हे सगळं याच्यात दिसतं. क्ष-किरणाचा धोका नाही. मला तर हे प्रकरण अजूनही जादूच वाटते.

तिथे बसून या मशीनचाच इतिहास मोबाईलवर वाचत होते. लॉटरबर नावाच्या शास्त्रज्ञाने १९७३ साली पहिलं चित्र छापलं ते पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. १९७७ च्या ३ जुलैला डमेडियन नावाच्या डॉक्टरने जिवंत माणसाच्या छातीचं पहिलं चित्र काढलं, त्याला पावणेपाच तास लागले. त्याआधी तो स्वतः मशीनमध्ये बसला होता आणि काहीच सिग्नल मिळाला नव्हता, जाडी नडली म्हणे, मग एका सडपातळ विद्यार्थ्याला बसवलं. पुढे २००३ मध्ये नोबेल मिळालं ते लॉटरबर आणि मॅन्सफील्ड नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाला, आणि डमेडियनने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन सांगितलं की हा अन्याय आहे. म्हणजे या मशीनच्या जन्मापासूनच कोणाच्या तरी दुखण्याची दखल घेतली गेली नाही असं चालू आहे. (हे जरा ओढूनताणून झालं, पण त्या थंड व्हरांड्यात मला फार पटलं होतं.)

आईचा रिपोर्ट आला दोन पानांचा. इथे झीज, तिथे फुगवटा, अमुक मणक्याची चकती सुकलेली, तमुक नसेला किंचित स्पर्श. ती बिचारी तोपर्यंत नुसती "कंबर दुखते" म्हणत होती, त्या दिवसापासून "माझी चकती सरकलीये" म्हणायला लागली आणि वाकायचीच बंद झाली. दुखणं तेवढंच होतं, भीती वाढली. डॉक्टर तिला परत परत सांगत होते, आजी, हे वयाप्रमाणे आहे, चाला, हालचाल ठेवा. पण छापलेल्या कागदापुढे तोंडी शब्दाची काय किंमत.

आपल्या गुडघ्यापायी मी हे सगळं पुन्हा उकरून वाचायला बसले, गुडघ्यावर बर्फाची पिशवी आणि मांडीवर लॅपटॉप. कमरेबद्दल १९९४ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, ज्यांची कंबर दुखतच नाही अशा ९८ लोकांचा एमआरआय काढला तर निम्म्याहून जास्त जणांत, ५२ टक्क्यांत, कुठल्या ना कुठल्या चकतीला फुगवटा निघाला. गुडघ्याचं त्याहून मोठं काम २००८ चं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातले पन्नास ते नव्वद वयाचे ९९१ लोक, दुखण्याची तक्रार बघून निवडलेले नाहीत, सरसकट. पन्नाशीतल्या बायकांत १९ टक्क्यांची गादी चिरलेली निघाली आणि सत्तरीच्या पुढच्या पुरुषांत ५६ टक्क्यांची. आणि ज्यांची चिरलेली होती त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात त्या गुडघ्यात ना दुखलं, ना आखडलं, ना ठणकलं.

हे वाचून मला आधी हायसं वाटलं आणि लगेच राग आला.

हायसं अशासाठी की गादी चिरली असली तरी जग बुडत नाही, कितीतरी लोक तसेच जिने चढतायत. राग अशासाठी की मग माझा साक्षीदारच फितूर निघाला की. रिपोर्टमध्ये चीर आलीच, तरी माझं दुखणं तिच्यामुळे आहे का ती आधीपासूनच होती ते सांगता येणार नाही, आणि नाही आली तरी दुखणं खोटं ठरत नाही. भिंतीला ओल येते एकीकडे आणि पाणी झिरपत असतं भलतीकडून, तसं आहे हे, आणि आपण ओलीचा फोटो काढून प्लंबरला दाखवतोय. त्यात फोटो वाचणाराही माणूसच. २०१७ मध्ये छापून आलेला एक प्रयोग वाचला तेव्हा तर मी नवऱ्याला उठवून ऐकवला. ६३ वर्षांच्या एका बाईंची कंबर आणि पाय दुखत होता, त्यांचा तीन आठवड्यांच्या आत दहा वेगवेगळ्या सेंटरमध्ये एमआरआय केला. दहा रिपोर्ट मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहिलेले निघाले, आणि त्यातला एकही दोष असा नव्हता जो दहाही रिपोर्टांत होता. नवरा म्हणाला, "मग दहा कर, एक तरी तुझ्या बाजूने येईल." आणि कुशीवर वळला.

पण म्हणून स्कॅन म्हणजे सगळी लूट, असं म्हणणाऱ्या मंडळींचाही मला वैताग येतो. भाचा सायकलवरून तळहातावर पडला, मनगट दुखत होतं, एक्स-रे स्वच्छ. मुरगळलंय, बरं होईल, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं, त्यात शेजारचेही होते. तपासणाऱ्या डॉक्टरने मात्र अंगठा ताणायला लावून त्याच्या मुळाशी जो खड्डा पडतो तिथे दाबलं, भाचा ओरडला, आणि डॉक्टरने एमआरआयचं नाव काढलं. त्यात स्कॅफॉइड नावाच्या चिमुकल्या हाडाची चीर निघाली. ती सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही, आणि त्या हाडाला रक्त येतं ते लांबच्या टोकाकडून, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर तुकडा जुळत नाही किंवा मरून जातो. प्लास्टर घातलं गेलं, हात वाचला. तिथे त्या स्कॅनचा पैसा न् पैसा वसूल, कारण चीर असती तर प्लास्टर आणि नसती तर आठवड्याभरात परत सायकल. उत्तरावर पुढची वाट ठरत होती.

गुडघ्याचंही तसंच आहे, काही गुडघ्यांना थांबायची चैन परवडत नाही. अडकून बसलेला, सरळच होत नाही असा गुडघा, पाय टाकताना सारखा सुटणारा, लगेच फुगलेला, किंवा खेळाडू पोराचा ज्याला परत मैदानात उतरायचंय. रात्री झोपेतून उठवणारं, विश्रांती घेऊनही न थांबणारं दुखणं, त्याच्या जोडीला ताप किंवा वजन उतरणं. कमरेच्या बाबतीत बसायच्या जागेला बधिरपणा आणि लघवीवरचा ताबा सुटणं, तिथे तर उद्यावर सुद्धा टाकायचं नाही, तसंच निघायचं. हे असलं काही माझ्याकडे नव्हतं. नव्हतं याचं थोडं वाईट वाटलं का? नाही म्हणवत नाही.

फिजिओकडे गेले तेव्हा तिला विचारलं, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान मुलगी आहे, "ताई, तुम्ही करा ना, काय हरकत आहे" असंच म्हणेल म्हणून. ती माझा पाय उचलून धरत म्हणाली, "समजा रिपोर्टमध्ये चीर आली, तर ऑपरेशन करणार का?" मी म्हटलं, लगेच तर नाही बाई. "आणि नाही आली तर?" तर काय, हे तुझे व्यायाम. "आणि चीर आली, ऑपरेशन नको असलं, तर?" तरी व्यायामच. मग ती काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि पाय अजून थोडा वर नेला. ती उत्तर ऐकण्यापेक्षा कळ कुठे येते ते बघत होती बहुतेक.

ऑपरेशनचंही मग वाचलं, न वाचून कशी राहणार. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या, झिजून चिरलेल्या गादीच्या १४६ पेशंटना घेतलं, निम्म्यांच्या गुडघ्यात दुर्बिणीने चिरलेला भाग कापला आणि बाकीच्यांना तसंच ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन दुर्बीण घातली, हत्यारांचे आवाज केले, पण कापलं काहीच नाही. २०१३ साली निकाल छापून आला, वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच बरे. अर्थात ते झिजून चिरलेल्या गाद्यांबद्दल होतं, तरुणपणी खेळताना फाटलेल्या किंवा गुडघा अडकवून ठेवणाऱ्या गादीबद्दल नाही, आणि माझी कुठल्या रकान्यात बसते ते वयावरून मी ओळखते, सांगत नाही. पण वाचताना मी त्या न कापलेल्या लोकांचा विचार करत होते. त्यांना वर्षभर वाटत असणार की आत काहीतरी दुरुस्त झालंय, आणि त्या भरवशावर ते चालत असतील, वाकत असतील. धीर पण औषधासारखा लागू पडतो म्हणजे.

आणि इथे माझी बाजू जरा डळमळते. कारण स्कॅनने धीर येतो हेही खोटं नाही. २००३ चा एक अभ्यास आहे, कंबरदुखीच्या ३८० पेशंटपैकी निम्म्यांना साधा एक्स-रे आणि निम्म्यांना झटपट एमआरआय. वर्षभराने दुखणं आणि हालचाल दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, पण एमआरआयवाल्यांना निश्चिंत जास्त वाटलं होतं. डॉक्टरांनाही तेच आवडलं होतं. मग त्या निश्चिंतीची किंमत शून्य धरायची का? मी रात्री दोनला जागी होऊन "आत काही भलतंच तर नसेल" असं म्हणत पडते, त्या तासांचा हिशोब कुठे लावायचा? मला वाटतं ज्याला खरंच भीती वाटतेय, आणि ज्याच्या खिशाला फार ओरखडा पडत नाही, त्याने धीरासाठी केला तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त आईसारखं होऊ नये. धीर आणायला गेलेला माणूस "माझी चकती" घेऊन परत येऊ नये. आणि ते आधी कळत नाही ना, कुठला कागद हातात पडेल ते.

माझ्यापुरतं मी स्वतःला विचारलं की रिपोर्ट आणल्यावर तो सगळ्यात आधी कोणाला दाखवशील. पहिलं नाव डॉक्टरांचं यायला हवं होतं, ते तिसरं आलं.

तर सध्या असं ठरलंय. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबून धरायची, सरळ पाय उचलायचा, भिंतीला पाठ टेकून अर्धं बसायचं, फिजिओ सांगेल तसं वाढवायचं. कंटाळवाणं आहे, याचा फोटो निघत नाही आणि कोणी विचारलं तर सांगायलाही काही भारी नाही, पण मांडीचा पुढचा स्नायू, जो सूज आल्यापासून झोपलाच होता, तो परत हाताला लागायला लागलाय. जिना चढताना आता कठडा फक्त धरते, ओढत नाही. उतरताना अजून दुखतं. डॉक्टरांना परत भेटायचंय, तेव्हा "राहिलं तर" म्हणजे नक्की कधीपर्यंत ते विचारणार, आणि रिपोर्टवरून ते माझ्या बाबतीत काय वेगळं करतील तेही. ते म्हणाले की वेगळं करीन, तर त्याच दिवशी नंबर लावणार, आकडा न विचारता. नाहीतर गुडघा अडकला, पाय सुटला, किंवा एवढं करूनही जागचं हललं नाही, तरी करणार. आणि करायचाच तर स्वस्तातलं धूसर चित्र काढून परत दुसरीकडे काढायला लागू नये म्हणून मशीन कुठलं, सांध्यांचे रिपोर्ट नेहमी बघणारं कोणी आहे का, हे आधी विचारणार, आणि चिठ्ठीवर नुसतं "उजवा गुडघा दुखणे" असं न लिहिता कसं वळले, कुठे दाबल्यावर दुखतं, कधी सुजला ते डॉक्टरांकडून लिहून घेणार, म्हणजे बघणाऱ्याला कुठे बघायचं ते तरी कळेल.

हे सगळं मी त्याच कागदाच्या मागे लिहून नवऱ्याला दाखवलं. त्याने चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे, पण तारीख कुठाय? असं मोघम ठेवलंस तर तू पुढच्या वर्षीपर्यंत टॉवेल दाबत बसशील, तुला मी ओळखतो. मग आम्ही कॅलेंडर काढलं, थोडं भांडलो, त्याला लवकरची हवी होती आणि मला उशिराची, आणि मधली एक धरून मी ती पेनाने लिहिली.